बाप्तिस्म्याची केळ

क्रिस्पुलोला आमच्या अनाहावमध्ये कुणी क्रिस्पुलो म्हणत नसे. वयाने लहान असतील ते मानोय पुलो म्हणत, म्हणजे पुलोदादा. आणि ज्यांच्या लेकरांना त्याने बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर धरलं होतं, ते आईबाप त्याला 'पारे' म्हणत. धर्मबापाला पारे म्हणायचं आणि त्याने मुलाच्या आईला 'मारे' म्हणायचं, ही आमच्या बेटावरची रीत. हे नातं देवासमोर जोडलेलं, म्हणून रक्ताच्या नात्याहून वरचं. सख्खे भाऊ बांधावरून भांडतील, वर्षानुवर्षं बोलणार नाहीत, पण पारेशी भांडलेल्या माणसाला चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत, म्हणजे सामूहिक उपासनेत, समोरच्या बाकावर बसवत नाहीत. गावातल्या निम्म्या घरांशी पुलोचं हे नातं होतं. माझ्या थोरल्याचाही धर्मबाप तोच.

धर्मबाप व्हायला कुणी विचारलं तर नाही म्हणायचं नसतं, लेकराला ते बाधतं. तरी लोक काही ना काही निमित्त काढून निसटतात, कारण धर्मबापाला द्यावं लागतं. कुणी चांदीची साखळी देतो, कुणी डुकराचं पिल्लू. पुलो निसटत नसे. तो ओल्या गोणपाटात गुंडाळलेला केळीचा मुनवा, म्हणजे बुडातून फुटलेला कोंब, काखेत घेऊन चर्चमध्ये यायचा आणि बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी पायाजवळ ठेवायचा. आमचे आधीचे फादर मोठे हौशी. मुलाच्या डोक्यावर पाणी घातलं की उरलेलं गोणपाटावर शिंपडायचे. मग घरी जाऊन मुलाचा बाप तो मुनवा अंगणात लावायचा, आणि लेकरू रांगायला लागेपर्यंत केळ त्याच्या बापाच्या डोक्यावर गेलेली असायची.

ती केळ आमच्याकडची नव्हे. पुलोची बायको डोलोर समुद्राच्या पलीकडची, मोठ्या बेटावरची. लग्न होऊन आली तेव्हा बोटीत तिच्या मांडीवर माहेरच्या अंगणातला मुनवा होता. ही केळ उकडून, तळून खायची, पण भाताबरोबर नुसती खाल्ली तरी घास गोड लागायचा. डोलोर लवकर गेली. मागे राहिली ती विहिरीजवळची केळ आणि एक मुलगी, बेनिंग. बेनिंगला लहानपणी ताप आला आणि डावा पाय वाळला. तोंड मात्र दोघींचं होतं तिला, आईचंही आणि स्वतःचंही.

बेनिंगसाठी पुलोने डोंगर राखला होता. गावावरच्या उतारावर त्याच्या बापाने लावलेली अबाकाची बाग होती. अबाका दिसायला हुबेहूब केळ, पण तिचं फळ कुणी खात नाही. खोडाची सोपटं सोलायची, सुरीच्या पात्याखाली धरून ओढायची, की माणसाहून लांब पांढरं वाक, म्हणजे धागा, निघतं. त्याचे दोर होतात, जहाजांचे. ओढायचं काम पुलोचं. वाळवायचं, निवडायचं, गठ्ठे बांधायचं काम बेनिंगचं, आणि ते बसून होतं. पुलो म्हणायचा, हिला कुणी करून नेणार नाही, मी काही कायमचा नाही, पण एकदा लावलेला अबाका माणसाला पुरून उरतो. एक खोड तोडलं की बुडातून दुसरं येतं. उद्या ओढायला मजूर ठेवील आणि बसल्या जागी मालकिणीसारखी खाईल. त्याच्या सगळ्या आयुष्याचा हिशेब एवढाच होता.

मग मूठ आली.

मूठ हा आमचा शब्द. अबाकाचं नवं पान आखूड निघतं, त्याच्या पुढचं आणखी आखूड, ताठ, अरुंद, आणि सगळी पानं गळ्याशी दाटून बसतात. झाड मूठ आवळतं आणि ती पुन्हा उघडत नाही. खोडात वाक धरत नाही. आधी खालच्या वस्तीत आली, मग आमच्यात. कुणी म्हणे, गुड फ्रायडेला कुणीतरी सुरी चालवली. कुणी म्हणे, वादळाचं खारं पाणी. कृषी खात्याची माणसं आली आणि मूठ आलेली झाडं मुळासकट काढा म्हणून सांगून गेली. पुलोने काढली. त्याच्याइतकं नेकीने कुणीच काढलं नसेल. एक मूठ दिसली की भोवतालची चांगली झाडंही तो काढायचा. बेनिंग बापाला म्हणायची, "तातय, तुम्ही डोंगराची हजामत करताय." तरी पुढच्या पावसाळ्यात मूठ पुन्हा हजर.

अंगणातल्या केळींकडे कुणी पाहिलं नाही. पाहणार तरी कसं? केळीला मूठ अशी येत नव्हती. पानं जरा बारीक व्हायची, देठावर गडद हिरव्या तुटक रेघा दिसायच्या, घड लहान पडायचा. केळ म्हातारी झाली, आम्ही म्हणायचो, आणि तिच्या बुडातला मुनवा दुसरीकडे लावायचो. खायचं झाड वेगळं आणि दोराचं झाड वेगळं, ही तर लहान मुलालाही कळणारी गोष्ट. डुकराचा रोग माणसाला होतो का?

त्यानंतर मुख्य बेटावरून एक बाई आल्या, झाडांच्या रोगांच्या डॉक्टर. आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो. ऊन असो, पाऊस असो, डोंगरभर फिरल्या. प्रत्येक बागेतलं पान घेतलं, आणि अंगणातल्या केळींचंही घेतलं. याचं आम्हाला हसू आलं. लुसिंग तर म्हणाली, "माझ्या मिरचीचंही घ्या, तिला राग येईल." लुसिंग म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी राहते ती. तेव्हा तिचा मुलगा इलोय जिवंत होता आणि तिला असं बोलता येत होतं.

त्या पानांची तपासणी होऊन मॅडम परत यायला पुष्कळ काळ गेला. मधल्या काळात एक वादळ होऊन गेलं. इलोय मासेमारीच्या होडीवर होता. होडी सापडली. तो सापडला नाही.

मॅडम परत आल्या तेव्हा प्रार्थनाघरात सगळे जमलो. त्यांनी फळ्यावर एक झाड काढलं, पानांचं नव्हे, वंशावळीचं. म्हणाल्या, हा रोग विषाणूचा आहे. विषाणूला पाय नाहीत, काळा मावा त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. सोपटाच्या बेचक्यात बसलेला तो बारीक काळा मावा आम्ही रोज बघत होतो, बोटाने चिरडत होतो. पुढे म्हणाल्या, विषाणू झाडात स्वतःच्या नकला काढत राहतो, आणि नक्कल काढताना चुकतो. ती चूक पुढच्या नकलेत उतरते, मग त्यावर नवी चूक होते. चुका जुळवून पाहिल्या की कोण कोणाचा वंशज ते कळतं.

इतरांच्या चेहऱ्यावरून कळेना, पण मला हे लगेच पटलं. पवित्र आठवड्यात आम्ही प्रभूचं दुःखगीत रात्रंदिवस गातो. गाण्याच्या वह्या हाताने उतरवलेल्या. आमच्या वस्तीतल्या कुणा आजीने उतरवताना 'दार' च्या जागी 'दगड' लिहिलं, आणि आज आमची पोरंसोरं त्या कडव्यात 'दगड'च म्हणतात. नदीपलीकडचे 'दार' म्हणतात. कुठेही गेलं आणि कुणी 'दगड' म्हटलं, की समजायचं, हा अनाहावचा. मी हे शेजारणीला सांगितलं आणि मॅडमनी ऐकलं. त्या म्हणाल्या, अगदी तेच.

मग त्यांनी सांगितलं ते असं. अबाकाचा स्वतःचा म्हणून एक विषाणू आहे, केळीच्या विषाणूचा लांबचा चुलतभाऊ. त्यांना वाटलं होतं इथे तोच निघेल. पण तो निघाला नाही. अनाहावच्या डोंगरावर आहे तो केळीचा विषाणू. बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे त्याच्या चुका वेगळ्या. आमच्या सगळ्या पानांत मात्र एकाच घराण्याच्या चुका होत्या, आणि त्याच चुका समुद्रापलीकडच्या एका भागातल्या केळींत सापडतात. तिकडून तो एकदाच इथे आला आहे आणि मग इथे पसरला आहे.

समुद्रापलीकडून केळ कुणी आणली ते सगळ्यांना ठाऊक होतं, मॅडमना सोडून.

पुलो मागे उभा होता. त्याने विचारलं, "मॅडम, या झाडाचं बूड कुठे आहे?"

त्या म्हणाल्या, नावं लिहीत नाही आम्ही, आकडे असतात. पुलो म्हणाला, आकडाच सांगा. त्यांनी कागद बघितला, आकड्यापुढे जागा लिहिलेली होती. विहिरीजवळचं अंगण, म्हणाल्या.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "पारे, पुढच्या बाप्तिस्म्याला कोंबडा आण. कोंबड्याला मूठ येत नाही." लोक हसले. पुलोही हसला, आणि ते हसणं मला बघवलं नाही.

घरी जाऊन त्याने सगळ्यात आधी डोलोरची केळ काढली. बेनिंगने थांबवलं, आधी माव्याचं औषध मारा, नाहीतर मावा उडून जाईल, मॅडमनी सांगितलंय. तिने स्वतः पंप पाठीला लावून फवारलं. दुसऱ्या दिवशी पुलोने कंद खणून काढला आणि त्याचे बारीक तुकडे केले. खड्डा बुजवला नाही. बेनिंगने बुजवला.

मग तो घरोघर निघाला, दिलेलं परत मागायला. बाप्तिस्म्याची भेट परत नेली तर लेकराचा जीव कमी होतो असं आमच्यात म्हणतात. बायका त्याला येताना बघून मुलांच्या कपाळावर क्रूस काढत होत्या. एकीने विचारलंच, मग आशीर्वाद पण परत नेणार का? तो म्हणाला, "आशीर्वाद देवाचा आहे मारे, तो राहू दे. केळ माझी होती." माझ्या दारात आला तेव्हा मी थोरल्याला बाहेर बोलावलं आणि फवाऱ्याचा पंप धरायला लावला. तो रडला. त्या केळीवर त्याने आपल्या उंचीच्या खुणा केलेल्या, त्या खुणा दरसाल केळीबरोबरच तोडल्या जायच्या आणि तो पुन्हा करायचा.

शेवटी राहिली लुसिंग.

इलोयची केळ तिच्या घरामागे होती, पुलोच्या उताराला लागून. तिच्या बुडाशी लुसिंगने एक सपाट दगड मांडला होता. सर्व मृतांच्या दिवशी गाव दफनभूमीत जातं, कबरी झाडतं, जेवण तिथेच करतं. लुसिंगला जायला कबर नव्हती. ती त्या दगडावर मेणबत्ती लावायची आणि एकटीच बसायची. मी त्या दिवशी तिच्याकडे उसने घेतलेले तांदूळ परत द्यायला गेले होते, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलं.

"कशाला आलात, पारे?"

"तुला माहीत आहे, मारे."

"दुसऱ्यांची केळ गेली, लेकरू अंगणात खेळतंय. माझं काय राहील?"

पुलोने कोयता खाली ठेवला.

"इलोयची कबर दाखवा," ती म्हणाली. "मी तिथे मेणबत्ती लावीन. मग ही तोडा."

पुलो पायरीवर बसला. प्यायला पाणी मागितलं, सगळं प्यायला, भांडं उपडं ठेवलं. मग कोयता उचलून आला तसा गेला. फवाऱ्याचा पंप तिथेच विसरला. संध्याकाळी तो बेनिंगकडे मी पोचवला. ती म्हणाली, "झालं वाटतं लुसिंग तियाकडचं." तिया म्हणजे मावशी, लुसिंगला ती तसंच म्हणायची. मी म्हटलं, तुझ्या वडिलांना विचार. तिने विचारलं नसावं.

मॅडमनी निरोगी रोपं आणली, काचेच्या बाटल्यांत वाढवलेली, बोटाएवढी. अट एकच होती, जवळपास जुनी केळ राहता कामा नये. बाकीच्यांनी एव्हाना अबाका सोडला होता. कुणी रताळी लावली, कुणी मनिलाला गेलं. रोपं घ्यायला पुढे आला तो पुलोच. मॅडमनी विचारलं, सगळ्या केळी निघाल्या ना? तो म्हणाला, निघाल्या. खोटं बोलताना मी त्याला तेवढ्याच वेळी पाहिलं. बेनिंग शेजारी उभी राहून रोपं मोजत होती. त्या शनिवारी तो पापनिवेदनाला गेला आणि बराच वेळ आत होता. फादर काय म्हणाले ते त्या दोघांना आणि देवाला ठाऊक.

रोपं धरली. बेनिंग काठी टेकत रोज वर जायची, उतरताना बसून घसरत यायची, परकराचा मागचा भाग कायम मातीने लाल. लोक चिडवायचे, मालकीणबाई डोंगरावर स्वारी करून आल्या. ती म्हणायची, चिडवा, उद्या मजुरीला माझ्याच दारात याल. अबाका तिच्या खांद्याला आला, मग डोक्यावर गेला. पुलो मात्र वर गेला की खालच्या कडेलाच घुटमळायचा, पानं उलटून बघायचा; तिकडची झाडं त्याने स्वतःकडे ठेवली होती, बेनिंगची वाट दुसऱ्या बाजूने होती. बेनिंगला वाटायचं, म्हातारा माया करतोय.

मूठ आली ती खालच्याच कडेला, लुसिंगच्या घराच्या वर. बेनिंगला ती सापडली तेव्हा वरपर्यंत पसरलेली होती. कारण मूठ दिसण्याच्या कितीतरी आधी मावा काम करून गेलेला असतो. ती तिथे उभी राहिली आणि तिने खाली पाहिलं. लुसिंगच्या परसात केळीची पानं होती, बारीक, ताठ.

तिच्या आरडाओरड्याने आम्ही दोघीतिघी धावत पुलोच्या घरी गेलो. पण आम्ही पोचलो तेव्हा ती ओरडत नव्हती.

"तातय, ती केळ तिथे कशी?"

पुलो सुरीला धार लावत होता. हात थांबला.

"मॅडमना काय सांगितलंत?"

"निघाल्या म्हणून."

"इलोय गेलाय, तातय. मी आहे."

"तिच्याकडे कबर नाही, बेनिंग."

"आणि माझ्याकडे पाय नाही."

तिने खुंटीचा कोयता घेतला आणि पायथ्याकडे निघाली. आम्ही मागे गेलो, अडवायला की बघायला, देव जाणे. लुसिंग परसात कपडे वाळत घालत होती. बेनिंग म्हणाली, "तिया, बाजूला व्हा."

लुसिंगने आधी तिचा कोयता बघितला, मग वर डोंगराकडे पाहिलं. "आली?" तिने विचारलं.

"आली."

"मला वाटलं, एका झाडाने काय होतंय."

लुसिंग आत गेली. ती दार लावून घेणार असं आम्हाला वाटलं. ती पहार घेऊन बाहेर आली. "कोयत्याने कंद निघत नाही," म्हणाली. "ही घे."

खोड पडताना दगडावर पडू नये म्हणून लुसिंगने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

डोंगर वाचला नाही. पुलोने तो वरून खाली खणत आणला, एकेक झाड फवारून, एकेक कंद काढून, जशा त्याने घरोघरच्या केळी काढल्या होत्या तसंच. लुसिंग रोज पहार घेऊन वर जायची आणि त्याच्यापासून काही अंतरावर खणायची. ज्यांच्या लेकरांना त्याने हातांवर धरलं होतं त्यांच्यातलं दुसरं कुणी गेलं नाही. माझा थोरला दोन दिवस गेला, मग त्याच्या पाठीत चमक भरली. मॅडमना कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की आता काही वर्षं इथे नवी रोपं देता येणार नाहीत. पुलोचं वय पाहता काही वर्षं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

बेनिंग बंदराच्या गावी एका घरी कामाला राहिली. लंगडीला कोण ठेवणार म्हणत होती, पण एक अंथरुणाला खिळलेली म्हातारी होती, तिच्यापाशी बसायला कुणीतरी हवं होतं. बसायचं काम. ती जायला निघाली तेव्हा पुलोने तिचं बोचकं जीपच्या टपावर चढवलं आणि दोरी दोनदा तपासली.

नोव्हेंबरात, सर्व मृतांच्या दिवशी, तिला सुटी मिळाली. दुपारी जीपमधून उतरली ती सरळ दफनभूमीत आली. डोलोरच्या कबरीवर पुलो बसला होता. कबरीच्या एका कडेला, चुन्याने नुकत्याच रंगवलेल्या जागेवर, वेगळी मेणबत्ती जळत होती आणि लुसिंग तिच्यासमोर गुडघे टेकून होती. जागा पुलोने दिली होती. इलोय त्याचा धर्मपुत्र, तेव्हा डोलोर त्याची धर्माची आई लागायची. त्याला आपल्याच कबरीपाशी आसरा द्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

बेनिंगने ती मेणबत्ती पाहिली. आम्ही आजूबाजूच्या कबरींवर होतो, आमची रोझरी, मण्यांवरची प्रार्थना, थांबली होती.

"ही जागा तेव्हाच द्यायची होती, तातय," ती म्हणाली.

"तेव्हा सुचलं नाही."

कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी त्या कबरीवरून दर रविवारी मिस्सेला जाते. बेनिंगने आणलेली मेणबत्ती आईच्या उशाशी लावली, वाऱ्याने विझत होती म्हणून तळहात आडवा धरला. परतीसाठी तिला दिवसाची शेवटची जीप गाठायची होती. आम्ही रोझरी जिथे सोडली होती तिथून पुन्हा धरली. पुलो तिला सोडायला रस्त्यापर्यंत गेला, आणि लुसिंग दोन्ही मेणबत्त्या राखत बसली.